सांगलीच्या शंभर फुटी रोडचं बेंगळुरूचं इंदिरानगर होतंय का?

वखारभागवाला
मंडळी, सल्ला पाहिजे. वाद झाला तरी चालेल.

लेक पुण्यात नोकरीला आहे. येत्या शनिवारी तिच्या ऑफिसातली चार-पाच जणं तिच्यासोबत सांगलीला येणार आहेत. गणपती मंदिर, आयर्विन पूल, हरिपूरचा संगम हे फिरवणं माझ्याकडे. रात्रीच्या जेवणाचं मात्र तिनं फोनवरच ठरवून टाकलं. म्हणे विश्रामबागेत नाहीतर शंभर फुटीवर कुठंतरी 'वाइब' असलेल्या ठिकाणी जाऊ. म्हणून परवा मी आणि सौ. टेहळणीला गेलो.

भिंतीवर प्लास्टिकचं गवत, त्यावर निऑनच्या दिव्यात एक इंग्रजी वाक्य, डोक्यावर उघडे बल्ब. मेन्यूकार्ड मागितलं तर पोरानं टेबलावर चिकटवलेला क्यूआर दाखवला. त्यात पेरी पेरी, बिस्कॉफ, कोरियन बन, माचा. सांगलीची ओळख म्हणावी अशी एकच वस्तू सापडली, हळद. तीही 'टर्मरिक लाटे' या नावानं.

तर प्रश्न असा की लोक तिथं खायला जातात की फोटो काढायला? आणि पुण्याच्या पोरांना सांगलीत आणून परत पुण्याचंच का खायला घालायचं? खरा प्रश्न तिसरा आहे: शनिवारी न्यायचं कुठं?

मिरज_जंक्शन
टर्मरिक लाटे 😂 राजापुरी हळदीच्या गावात! आज्जी सर्दीला फुकट द्यायची.

कुपवाडचा_फिटर
मिसळ खायला घाला आणि पाठवून द्या. धागा संपला.

वखारभागवाला
@कुपवाडचा_फिटर रात्री नऊला मिसळ?

कुपवाडचा_फिटर
भावा, मिसळीला येळ नसती.

सायली_विश्रामबाग
काका, राग मानू नका, पण प्लास्टिकच्या गवताला हसणाऱ्यांनी थोडं मागचं आठवावं.

मी विलिंग्डन कॉलेजला होते तेव्हा चार मैत्रिणींनी बाहेर बसून खायचं म्हणजे प्रश्नच असायचा. हॉटेलात गेलं की वेटर न विचारता 'फॅमिली रूम'कडं बोट दाखवायचा. तेलकट पडदा, आत एक ट्यूबलाइट, एक पंखा. बाहेरच्या हॉलमध्ये सगळे पुरुष. चहा संपला की टेबलावर फडका फिरायला लागायचा, म्हणजे उठा. रसवंतीगृहात आणि आइस्क्रीमच्या दुकानात तेवढं जरा निवांत बसता यायचं.

आज माझी भिशी या कॅफेत होते. आम्ही आठजणी तीन तास बसतो, मोठ्यानं हसतो, कुणी वळून बघत नाही. एकटी लॅपटॉप घेऊन गेले तरी 'कुणी येणार आहे का?' असं कुणी विचारत नाही. कॉफी बरी असते, पास्ता बऱ्याचदा गिचका. मला चालतं. मी पैसे पास्त्याचे देत नाही, खुर्चीचे देते.

हरिपूररोड
सायलीताई, 'खुर्चीचे पैसे' एकदम पटलं. +१

निवृत्त_मास्तर
खुर्ची असती तर आम्हीही दिले असते. तिथं बारचं उंच स्टूल असतं. सौभाग्यवतींचे पाय अधांतरी, पाठीला आधार नाही. आणि आवाज! सिमेंटची भिंत, काचेचं दार, फरशी उघडी, ना पडदा ना गालिचा. आवाज जिरायला काही जागाच नाही. तो भिंतीवर आपटून परत येतो. मग शेजारचं टेबल मोठ्यानं बोलतं, म्हणून आपण मोठ्यानं बोलतो, म्हणून मालक गाणं वाढवतो. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. छताला नुसते कापडाचे पट्टे लावले तरी फरक पडेल. एका मालकाला तसं सुचवलंही. तो म्हणाला, "सर, लुक जातो."

मिरज_जंक्शन
सर, लुक जातो तर जाऊ दे, आपले कान जायलेत 😄

गलाईवाला_बेंगळुरू
शीर्षक बघून आलो. मी मूळ खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. आमच्याकडची अर्धी घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली. आमचं दुकान बेंगळुरूला, त्यामुळं खरं इंदिरानगर रोज बघतो.

तिथंही शंभर फुटी रोडच आहे, हंड्रेड फीट रोड. त्याला लागून ट्वेल्थ मेन. तो भाग मुळात शांत वस्तीचा, फौजेतले आणि सरकारी नोकरीतले निवृत्त लोक, झाडं, बंगले. आधी आयटी आलं, २०११ ला मेट्रो आली, आणि बंगल्यांची एकेक करून रेस्टॉरंट होत गेली. आता एका बाजूला बिअर बनवणारा पब, त्याला लागून डोशाचं जुनं हॉटेल, वरच्या मजल्यावर जपानी. राहणारे लोक गाण्याच्या आवाजानं आणि पार्किंगनं वैतागले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

पण एक गोष्ट बघा. तिथं डोशाच्या हॉटेलासमोरची रांग अजून तशीच आहे. रात्री पबात बसणारी पोरं सकाळी तिथंच फिल्टर कॉफी प्यायला उभी असतात. नव्यानं जुन्याला खाल्लं नाही, भाड्यानं खाल्लं. जुनी दुकानं उठली ती बहुतेक भाडं परवडेना म्हणून. विश्रामबागेत भीती धरायची तर त्याची धरा, माचाची नको.

सायली_विश्रामबाग
@गलाईवाला_बेंगळुरू आमच्या गल्लीत हेच सुरू झालंय. मुलं अमेरिकेत, आईवडील नाहीत, बंगला पडून. त्यापेक्षा कॅफेला भाड्यानं दिलेला बरा. रविवारी आम्हाला आमच्याच फाटकातून गाडी काढता येत नाही हा भाग वेगळा.

जत_पूर्वभाग
माचा म्हंजे नक्की काय ओ? गवताची पेंड घातल्यासारखं लागलं मला तर.

ओली_भेळ
जपानी हिरवा चहा. तोडणीच्या आधी काही आठवडे झाडांवर सावली धरतात, त्यानं पानं गर्द हिरवी होतात. मग ती वाळवून, देठ-शिरा काढून जात्यावर बारीक दळतात. आपण चहा गाळून चोथा टाकतो, इथं पान पोटात जातं. म्हणून चव तशी हिरवट. चांगला माचा महाग असतो. इथं त्यात इतकी साखर आणि दूध घालतात की चांगला आणला काय, साधा आणला काय, सारखंच.

जत_पूर्वभाग
म्हंजे चोथ्यासकट. बरं बरं.

कृष्णाकाठी
मुख्य मुद्दा राहिलाच. हे लोक लुटतात. बिलात जीएसटी, वर सर्व्हिस चार्ज, वर पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त. बाटलीवर जास्त घेणं गुन्हा आहे, तक्रार करा.

सीए_बाई
@कृष्णाकाठी हॉटेलात बसून पिताना बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर तो गुन्हा ठरत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायची जागा आणि सेवाही देतं. नको असेल तर साधं पाणी मागा.

सर्व्हिस चार्जचं मात्र तुमचं बरोबर. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही. रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचीच बाजू धरली. म्हणजे टीप तुमच्या मर्जीची. नम्रपणे 'काढा' म्हणा, काढतात.

जीएसटीत खरी गंमत आहे. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. एसीत बसलं की १८ आणि बिनएसीत १२ हा प्रकार २०१७ च्या नोव्हेंबरातच संपला, तरी लोक अजून 'एसीचा टॅक्स' म्हणून भांडतात. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेले बरेच छोटे मालक कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही, स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, आणि बिलावर तसं छापावंही लागतं. तेव्हा 'कंपोझिशन' छापलेलं असून खाली ५ टक्के लावले असतील तर शांतपणे विचारा. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबरही असायला हवा, तोही बघत जा.

हरिपूररोड
सीए_बाई, दंडवत. ही पोस्ट स्क्रीनशॉट काढून पाकिटात ठेवतो.

कृष्णाकाठी
बाटलीचं माहीत नव्हतं. पण कोर्ट म्हणतंय जागेचे पैसे, सायलीताई म्हणतात खुर्चीचे पैसे. मग जेवणाचे पैसे नेमके कोण देतंय?

कुपवाडचा_फिटर
मी. मिसळीचे.

संपादक_मंडळ
तक्रार करताना हॉटेलांची नावं नकोत. एक प्रतिसाद त्यासाठी काढला आहे. चर्चा चालू द्या.

तवा_माझा
बराच वेळ नुसता वाचत होतो. आता लिहितोच, कारण माझं स्वतःचं असं एक 'प्लास्टिकच्या गवताचं' दुकान आहे. कुठं ते विचारू नका.

आम्ही सोमवार ते गुरुवार जवळजवळ रिकामे असतो. शुक्रवारी संध्याकाळी वालचंद कॉलेजची पोरं येतात, सहाजणांत दोन फ्राइज. शनिवार-रविवारी जागा नसते. भाडं मात्र सातही दिवसांचं. एकोणीस किलोचा कमर्शियल सिलिंडर, तो घरगुती भावात मिळत नाही. आचारी नेपाळचे आणि उत्तराखंडचे. त्यांना राहायला खोली द्यावी लागते आणि ते दिवाळीला गेले की परत येतील याची खात्री नसते. ॲवोकॅडो पुण्याहून येतं. दोन दिवस दगड, तिसऱ्या दिवशी बरोबर, चौथ्या दिवशी काळं. घरपोच ॲपवाले त्यांचा वाटा कापून घेतात, उरलं तर आमचं.

शिवाय ही सांगली आहे. श्रावणात नॉनव्हेजचं अर्धं किचन थंड. मार्गशीर्षातले गुरुवार गेले. जैन मंडळी मोठ्या संख्येनं आहेत. त्यांना कांदा, लसूण, बटाटा नको, मश्रूम नको, आणि बऱ्याच जणांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं. मी किचन सात वाजता लावत होतो. आता साडेचारला लावतो. माझा सगळ्यात शिस्तीचा आणि बिल न घासणारा धंदा तो पाच ते सव्वासहाचा. पुण्या-मुंबईच्या सल्लागारानं हे कधी सांगितलं नसतं.

आता काकांचा प्रश्न, सांगलीचं का नाही. ठेवलं होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, खर्डा, वांग्याचं भरीत, चांगल्या ताटात. सांगलीचं गिऱ्हाईक म्हणालं, "हे घरी मिळतंय की, इथं कशाला?" खरंही आहे. ज्याच्या घरी दुपारी भाकरी झालीय तो रात्री माझ्याकडं चीज खायला येतो. भाकरी मागतात ती बाहेरून आलेली माणसं. पण ती येतात शनिवारी, आणि भाकरी थापणारी मावशी मला सातही दिवस ठेवावी लागते. तव्यावरून उतरली की पाच मिनिटांत ताटात पाहिजे, करून ठेवता येत नाही. पास्ता उकडून ठेवता येतो. मेन्यू असा ठरतो. त्यात सांगलीचा अपमान वगैरे काही नाही.

निवृत्त_मास्तर
या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. छताला कापडाचे पट्टे मात्र लावाच.

तवा_माझा
सर, तुम्ही मला ओळखलंत वाटतं 🙏

तासगावची_द्राक्षं
मालकांचं भाकरीचं पटलं. पण बेदाण्याचं काय? तो करून ठेवता येतो, वर्षभर टिकतो. परवा एका ठिकाणी सॅलडमध्ये सुकी क्रॅनबेरी होती, अमेरिकेची. तासगाव इथून तासाच्या आत. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हळदीलाही आहे.

आमच्याकडं चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो. घड डिपिंगच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये रॅकवर पसरायचे. त्या दिवसांत ढग आले की रात्रीची झोप गेली. इतकं करून सौद्यात दर पाडून मागतात, आणि गावातल्याच सॅलडमध्ये क्रॅनबेरी. राग येणार नाही तर काय.

तवा_माझा
@तासगावची_द्राक्षं खरं सांगू? क्रॅनबेरी लाल दिसते. फोटोत बेदाणा मेलेला दिसतो. पण हिरवा लांब बेदाणा असेल तर सांगा, व्यक्तिगत निरोप टाकतो.

तासगावची_द्राक्षं
टाका. चव घेऊन मग बोला, उधार नाही 😀

ओली_भेळ
अवांतर: मागं एका ठिकाणी 'डीकन्स्ट्रक्टेड भडंग' आलं होतं. चुरमुरे एका वाटीत, शेंगदाणे दुसऱ्या, लसणाचं तिखट तिसऱ्या, आणि वर कोथिंबिरीचा फेस. कालवायचं आपणच. भेळवाल्याचं काम गिऱ्हाइकाकडून करून घेतलं आणि बिल वेगळं.

मिरज_जंक्शन
कोथिंबिरीचा फेस!! ठसका लागला.

गलाईवाला_बेंगळुरू
फेस सोडा. बेंगळुरूला आमच्या दुकानात भडंगाचा डबा उघडला की शेजारचे कन्नड, तमिळ सगळे हात घालतात. त्याला वाट्या लागत नाहीत.

कृष्णाकाठी
अजून एक प्रश्न. शामरावनगरच्या बाजूला नवीन ठिकाणं निघालीत, एक तर तळघरात आहे. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळीच पंचेचाळीस. यांना कुणी सांगितलं नाही का?

हरिपूररोड
सांगितलं असेल. 'अंडरवॉटर डायनिंग' म्हणून जास्त पैसे घेतील.

कृष्णाकाठी
हसू नका ओ. आमच्या हरिपुरातली हळदीची पेवं २००५ च्या पुरात गेली. पिढ्यानपिढ्या हळद साठवत होती, एका पावसात संपली. नदी मेन्यू बघून आत येत नाही.

सायली_विश्रामबाग
हे मात्र खरं. दरवर्षी ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावभागातली पाहुणेमंडळी आमच्या हॉलमध्ये गाद्या टाकून असतात. विश्रामबागेतलं भाडं वाढण्यात पुराचाही हात आहे, नुसत्या वाइबचा नाही.

जत_पूर्वभाग
तुमच्याकडं पाणी जास्त, आमच्याकडं टँकर. पण ज्वारी आमची खावा. मिलेट-मिलेट करून २०२३ मध्ये सगळ्या जगानं वर्ष साजरं केलं, तवा आमच्या शाळूला कुणीतरी 'टाको' म्हणालं. भाकरी दुमडून आत राजमा. आमची आई बघून म्हणाली, 'भाकरी मोडली व्हय रं कुणी?'

मिरज_जंक्शन
आईंना नमस्कार सांगा 🙏😂

लेकीची_बाजू
मी धागाकर्त्यांच्या लेकीच्या वयाची आहे, पुण्यातच असते, म्हणून तिच्या बाजूनं चार ओळी. काका, तुमची मुलगी 'वाइब' म्हणते तेव्हा तिला पेरी पेरी नको असतं. तिला भीती असते की तिचे ऑफिसवाले सांगलीला खेडं समजतील. कोरेगाव पार्कातल्या पोरांसमोर आपलं गावही कमी नाही, एवढं तिला दाखवायचंय. मीही मित्रांना असंच नेलं होतं. ते तिथं मोबाइल बघत बसले. दुसऱ्या दिवशी आईनं अंगणात चटईवर हुरडा, दही आणि लसणाची चटणी मांडली. आता कधीही भेटले की हुरड्याचं विचारतात, कॅफेचं नाव एकालाही आठवत नाही.

तरी कॅफेत न्याच. नाही नेलंत तर ती मनातल्या मनात कुढत बसेल.

सीए_बाई
+१. संध्याकाळी कॅफे, रात्री घरी जेवण. बिलही निम्म्यावर.

वखारभागवाला
सगळ्यांचे आभार. सौ. हे सगळं वाचून म्हणाली, 'घरी जेवण' हा तोडगा सुचवणाऱ्यांपैकी किती जण स्वयंपाकाला येणार आहेत?

सीए_बाई
😶

कुपवाडचा_फिटर
वहिनींचं बराबर हाय. म्हणून म्हणतोय, मिसळ.

वखारभागवाला
तर असं ठरतंय. सहा वाजता विश्रामबागेत कॉफी-फ्राइज, लेकीच्या मनासारखं, प्लास्टिकच्या गवतासकट. मग रात्री बाहेरच साधं जेवण, भाकरी-खर्डा मिळेल आणि पाठीला टेकायला खुर्ची असेल अशा ठिकाणी. आईही येणार आहे, ती ऐंशीच्या पुढं, तेव्हा स्टूल बाद. @तवा_माझा, तुमच्याकडं भाकरी आता बंदच का?

तवा_माझा
काका, शनिवारसाठी मावशींना सांगून ठेवतो. दहा भाकरी आधी सांगितल्या तर होतात. खुर्च्या आहेत, मागच्या बाजूच्या टेबलाला. तिथं स्पीकरही नाही. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो.

निवृत्त_मास्तर
तेच टेबल आम्हाला का नाही दाखवलं?

तवा_माझा
सर, त्या दिवशी तिथं भिशी बसली होती.

सायली_विश्रामबाग
आमचीच असणार 🙈

हरिपूररोड
काका, एक बघितलंत का? शनिवारी संकष्टी आहे. गणपती मंदिरात गर्दी असणार, आईंचा उपवासही असेल.

वखारभागवाला
अरे देवा. आई चंद्रोदयाशिवाय सोडत नाही. @तवा_माझा, नऊ नंतर किचन चालू असतं ना?

तवा_माझा
असतं की. संकष्टीला आमच्याकडं साडेनऊला दुसरी पंगत बसते. टेबल नऊचं धरतो. आजींसाठी मोदक घरून आणा, ते आमच्याकडं जमत नाहीत.